सड्याचा लांब फोटो

उंब्रजच्या एसटी स्टँडवरून बाजारपेठेत वळलं की उजव्या हाताला कृष्णात डुबलचा स्टुडिओ लागतो. पाटीवर 'डुबल फोटो' असं लिहिलंय, पण त्या नावानं विचारलं तर दोनदा विचारावं लागतं. 'लांब फोटोवाला कुठं?' म्हटलं की कुणीही दारापर्यंत आणून सोडतं.

लांब फोटो म्हणजे एका वेळी कॅमेऱ्यात न मावणारा फोटो. हायस्कूलची सगळी पोरं आणि सगळे मास्तर, जत्रेतलं कुस्तीचं मैदान, नदीच्या या वळणापासून त्या वळणापर्यंतचा ऊस. कॅमेरा एका जागी घट्ट बसवायचा, थोडा थोडा फिरवत तुकड्यातुकड्यानं फोटो काढायचा आणि मग ते तुकडे एकमेकांना जोडायचे. रोलच्या काळात कृष्णात हे सगळं हातानं करत असे. प्रत्येक तुकड्यात शेजारच्याचा थोडा भाग आला पाहिजे, उजेड सगळीकडं सारखा पाहिजे, कॅमेरा जराही कलता कामा नये. प्रिंट धुऊन आल्या की तो ब्लेडनं कडा कापायचा, कडेचा मागचा कागद पॉलिशपेपरनं घासून कांद्याच्या सालीइतका पातळ करायचा आणि पुठ्ठ्यावर चिकटवायचा. जोड कधी झाडाच्या बुंध्यावर घ्यायचा, कधी विजेच्या खांबावर, कधी सावलीच्या कडेला. लोक फोटोवर बोट फिरवून जोड शोधायचे आणि सापडला नाही की त्यांनाच कृष्णातपेक्षा जास्त आनंद व्हायचा.

या कामात पहिल्यापासून त्याच्या सोबत होता तो उदयसिंह. दोघंही बोरजाईवाडीचे, एकाच बाकावर शिकलेले. कृष्णातकडं कॅमेरा आला तेव्हा तो मांडायला स्टँड नव्हता. उदयसिंहानं बापाच्या नकळत वखारीतलं लाकूड आणून सुताराकडनं करवून घेतला. गावच्या मैदानाचा पहिला लांब फोटो काढला त्या दिवशी हा गडी प्रत्येक तुकड्याच्या वेळी गर्दीतून पळत पुढं गेला आणि एकाच फोटोत तीन ठिकाणी दात काढून उभा राहिला. कृष्णातला त्याला कापून काढणं सहज जमलं असतं. पण फोटो बघून दोघं इतके हसले की तो तसाच राहिला. पुढं उदयसिंह ठेकेदारीत शिरला, पंचायत समितीवर गेला, त्याच्या गाड्या वाढल्या. तरी उंब्रजवरून जाताना तो स्टुडिओपाशी गाडी थांबवायचाच. कृष्णातच्या बायकोच्या, शालनच्या, ऑपरेशनच्या वेळी कराडच्या दवाखान्यात रात्रभर बाकड्यावर बसला होता तोच. त्यामुळं उदयसिंहाविषयी गावात चार गोष्टी कानावर आल्या तरी कृष्णात त्या दुसऱ्या कानानं सोडून द्यायचा.

आणि दुसरी मयूरी, त्याची एकुलती एक लेक. ती त्या स्टुडिओतच वाढली. पुठ्ठ्यांच्या ढिगावर बसून अभ्यास करता करता तिनं हे काम उचललं. कॉम्प्युटर आला तेव्हा कृष्णात बावरला होता. आता मशीनच तुकडे जोडणार म्हटल्यावर आपलं काय राहिलं, असं त्याला वाटायचं. मयूरीनं त्याला शेजारी बसवून शिकवलं. मशीन जोडतं खरं, पण कुठं कुणाचा हात अर्धा राहतो, कुठं भिंत वाकते, ते माणसालाच नीट करावं लागतं, हे दोघांनी मिळून शोधून काढलं. जोड सावलीत लपवायचा, ही बापाची शिकवण तिनं पडद्यावरही पाळली. ढगाची सावली गवतावर जिथं संपते तिथं ती असा काही जोड घ्यायची की कृष्णातलाही दिसायचा नाही. आल्यागेल्याला तो सांगायचा, "माज्यापरीस पोरीचा हात साफ हाय." लग्न होऊन ती सांगलीला गेली. विश्रामबागेत तिनं आणि जावयानं मोठ्या प्रिंटचं दुकान घातलं. मोठं काम आलं की कृष्णात फोटो जोडून फाइल तिच्याकडं पाठवायचा आणि ती छापायची. बापलेकीचं बोलणं निम्मं त्या कामापायीच व्हायचं.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी उदयसिंह स्टुडिओत येऊन बसला. बोरजाईवाडीच्या डोक्यावर वाघजाईचा सडा आहे. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट खडकाळ पठार. भादव्यात तिथं रानफुलांचा गालिचा पडतो. त्या सड्याचा या टोकापासून त्या टोकापर्यंतचा लांब फोटो हवा, असं त्यानं सांगितलं. साताऱ्यात मोठा कार्यक्रम ठरलाय, पुण्यामुंबईची माणसं येणार आहेत, आपल्या सड्याचं नाव व्हायला पाहिजे. पाचगणीला जी माणसं जातात त्यांतली थोडी इकडं वळली तर गावच्या पोरांना काम मिळेल. फोटोखाली तुझं नाव मोठ्या अक्षरात घालतो, असंही तो म्हणाला. कृष्णातला नावाचं अप्रूप नव्हतं असं नाही. पण त्याहून, सड्याचा असा फोटो काढायचं त्याच्या मनात कधीपासून होतं. तो तेव्हाच हो म्हणाला.

सड्यावर धनगरवाडा आहे. दगडी भिंतींची, पत्र्याची थोडी घरं, म्हशींचे गोठे. धुळा येडगे तिथला वडीलधारा. त्याच्या आज्याच्याही आधीपासून ती माणसं तिथं आहेत. जमीन मात्र कागदोपत्री खालच्या गावातल्या लोकांची. कृष्णात सामान घेऊन वर गेला तेव्हा धुक्यानं समोरचं झाड दिसत नव्हतं. उघाड पडेपर्यंत तो धुळाच्या घरी राहिला. धुळाची बायको अंबूबाई त्याला सकाळी वाटीभर दूध द्यायची आणि तो पिऊन होईपर्यंत समोरून हलायची नाही. नाचणीची भाकरी, खर्डा, वर दही. धुळानं त्याला सडाभर हिंडवलं, कुठल्या कातळावरून सगळं नजरेत येतं ते दाखवलं.

एका सकाळी आभाळ मोकळं झालं. कृष्णातनं कॅमेरा अशा जागी लावला की धनगरवाडा उजव्या बाजूला यावा. घरं होती म्हणूनच सड्याचा आवाका कळत होता. ती नसती तर ते पठार आहे की अंगण, हे सांगता आलं नसतं. फोटो काढून झाल्यावर धुळानं विचारलं, "आमी दिसतावं का ह्यात?" कृष्णातनं कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर चित्र मोठं करून दाखवलं. अंबूबाई दारात उभी, हातात दुधाची चरवी, एक म्हैस मान वळवून बघणारी. धुळा बराच वेळ बघत राहिला. मग बायकोला हाक मारून म्हणाला की म्हस तुज्यापेक्षा बरी आलीया. सगळे हसले. याची एक प्रिंट तुमच्या घरात लावायला आणून देईन, असा शब्द देऊन कृष्णात खाली उतरला.

फोटो त्यानं सावकाश जोडला. शालन म्हणायची, जेवायला तरी उठा. झाल्यावर फाइल सांगलीला पाठवली. मयूरीचा फोन आला, तिला फोटो फार आवडला होता. अण्णा, आजवरचा तुमचा सगळ्यात भारी, असं ती म्हणाली. प्रिंट थेट साताऱ्याला पाठवते, उदयकाकांची गाडी येणार आहे, असंही म्हणाली. त्यामुळं छापलेला फोटो कृष्णातनं पाहिला तो थेट कार्यक्रमातच.

साताऱ्यात एका हॉटेलच्या सभागृहात कार्यक्रम होता. कृष्णातला पहिल्या रांगेत बसवलं, फेटा बांधला, शाल-श्रीफळ दिलं. शालनही लग्नातली पैठणी नेसून आली होती. पडदा सरकला आणि भिंतभर सडा उघडला. टाळ्या पडल्या. एवढा मोठा फोटो कृष्णातनं आयुष्यात पाहिला नव्हता. डाव्या टोकाकडून तो सावकाश नजर फिरवत निघाला. दरी, कातळ, फुलं, पाण्याचं डबकं. नजर उजव्या बाजूला आली आणि थांबली.

तिथं वाडा नव्हता. गवत होतं आणि फुलं होती.

आधी त्याला वाटलं आपणच चुकीच्या जागी बघतोय. तो उठून फोटोच्या जवळ गेला. लोकांना वाटलं, कलाकार आपली कला बघतोय. कुणीतरी त्याचा तसा फोटोही काढला. जवळून त्याला दिसलं की डावीकडचं गवत उचलून इथं बसवलंय, आरशातल्यासारखं उलटं करून, कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून. आणि त्याची कड ढगाच्या सावलीच्या कडेशी मिळवलीय. असा जोड घेणारी दोनच माणसं त्याला माहीत होती. त्यातला एक तो स्वतः होता.

खाली मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'छायाचित्र : कृष्णात डुबल'.

त्याला माइक दिला तेव्हा त्यानं तो तसाच परत केला. भावना दाटून आल्यात, असं म्हणून निवेदकानं वेळ मारून नेली. पुढं पाहुण्यांसमोर उदयसिंह बोलला, त्यात सगळं उलगडलं. सड्यावरची बरीचशी जमीन त्यानं आणि त्याच्या भागीदारांनी घेतली होती. तिथं पाहुण्यांसाठी बंगले होणार होते, सज्जे होणार होते, आणि हा अस्पर्श निसर्ग, जिथं माणसाचं पाऊल पडलेलं नाही, तो त्यांना मिळणार होता.

जेवणाच्या वेळी कृष्णातनं उदयसिंहाला जिन्यापाशी गाठलं. वाडा कुठं गेला, एवढंच विचारलं. उदयसिंहानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. चार पत्र्याची घरं, फोटोत डोळ्यात खुपत होती, असं तो म्हणाला. "फोटूतनंच काढल्यात रं, कुणाच्या बापाचं काय गेलं? आणि मयूरीनं काय सफाईनं केलंय, बघितलंस न्हवं?"

कृष्णातच्या मनात तोवर एक वेडी आशा होती की दुसऱ्या कुणीतरी तिच्या पद्धतीची नक्कल केली असेल. ती गेली. त्यानं खांद्यावरचा हात बाजूला केला, शालनला घेतलं आणि न जेवता स्टँड गाठला. गाडीत शालननं विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं. ती पदराचा काठ मुठीत धरून बसली. उंब्रज आल्यावर म्हणाली, "पोरीला आदी इचारा. ऐकून घ्या. मग काय ते बोला."

दुसऱ्या दिवशी तो कराडला गाडी बदलून सांगलीला गेला. दुकानात नवं मशीन आलं होतं, जावई त्याच्यापाशी उभा होता. बापाचा चेहरा बघून मयूरीनं नवऱ्याला चहाच्या निमित्तानं बाहेर पाठवलं. तिनं नाही म्हणून सांगितलं नाही, की रडलीही नाही. उदयकाका स्वतः आले होते, अण्णांशी बोलणं झालंय, त्यांना माहीत आहे, असं म्हणाले; त्या बंगल्यांचं सगळं छपाईचं काम आपल्यालाच देणार आहेत; मशीन त्याच भरवशावर घेतलंय. हे सगळं ती एका दमात बोलली, पाठ केल्यासारखं.

"एक फोन करायचास मला," कृष्णात म्हणाला.

मयूरी टेबलावरच्या कागदाच्या कपट्याची घडी घालत राहिली.

"केला असता तर तुम्ही नको म्हणाला असता."

"म्हंजे मला ठावं न्हाई, हे तुला ठावं हुतं."

 मयूरी मान वर करून म्हणाली, "अण्णा, तुम्ही जन्मभर हेच करत आला. नवरीच्या गालावरचा डाग काढला, शाळेच्या फोटोतल्या तारा काढल्या, कडेला झोपलेली कुत्री काढली. तेव्हा कुणी काही म्हटलं? मी तुमच्याकडंच शिकले."

 जावई चहा घेऊन आला तेव्हा कृष्णात उठला होता. चहा तसाच राहिला. परतीच्या गाडीत तो खिडकीशी बसून लेकीचं बोलणं मनात घोळवत राहिला. पेठनाक्याच्या आसपास त्याला वाटलं, काय बोलायला हवं होतं ते आता कळलंय. तार कुणाला विचारत नाही की मी यात दिसते का. पण हे बोलायला समोर कुणी नव्हतं, आणि ते फोनवर सांगायचं त्याच्या जिवावर आलं.

उदयसिंहाचा त्याला राग आला होता. मयूरीविषयी जे वाटत होतं ते रागासारखं नव्हतं. रात्री जेवताना त्याला आठवायचं, ही पोर लहान असताना याच ताटातनं घास मागायची, आणि तो ताट बाजूला सारायचा. तिनं आपल्याला फसवलं हे एक. पण फसवताना तिनं आपलंच शिकवलेलं वापरलं, आपलंच नाव खाली घातलं, आणि तिचा हात जराही कापला नाही, हे त्याला विसरता येत नव्हतं. स्टुडिओ उघडायचा, गिऱ्हाइकाला पासपोर्ट फोटो काढून द्यायचा, एवढंच तो करत होता. हायस्कूलकडनं लांब फोटोचं बोलावणं आलं तर त्यानं अंगात कसर आहे म्हणून सांगितलं.

तोवर फोटो मोबाइलवर सगळीकडं फिरला होता. धुळाचा पोरगा कराडच्या बाजूला गाडीवर ड्रायव्हर आहे. त्याच्याही मोबाइलवर आला. त्यानं बापाला दाखवला.

कृष्णातला हे माहीत नव्हतं. दिलेला शब्द पाळावा म्हणून त्यानं मलकापुरातल्या एका ओळखीच्या लॅबमधनं मूळ फोटोची, वाड्यासकटची, प्रिंट काढून घेतली आणि ती गुंडाळी पाठीला बांधून सडा चढला. धुळा गोठ्यात होता. त्यानं कृष्णातला बघितलं, पण बस म्हटलं नाही. अंबूबाई दारातून आत गेली.

"आमी उठायचं कवा, तेवडं सांगा," धुळा म्हणाला.

कृष्णातनं गुंडाळी सोडली, फोटो दाखवला, घडलेलं सांगितलं. आपण काढलेल्या फोटोत वाडा आहे, दुसऱ्यानं तो पुसला. कुणी पुसला ते नाव मात्र त्याच्या तोंडून बाहेर पडलं नाही. धुळानं फोटोकडं पाहिलंही नाही.

"खाली नाव तुमचंच हाय न्हवं?"

"हाय."

"मग झालं की. चार दिस आमचं दूध पिऊन गेला. फोटू काडाय आलायसा म्हटलं, आमाला काय ठावं जागा मोजाय आला हुतासा."

कृष्णात फोटो तसाच घेऊन उतरला. आयुष्यात कुणी त्याला चोर म्हटलं नव्हतं. धुळानंही तसं म्हटलं नव्हतं, पण उतरताना त्याला सारखं वाटत होतं की मागून कुणीतरी आपल्याकडं बघतंय.

बोरजाईवाडीच्या पुढच्या ग्रामसभेला तो गेला. कधी न जाणारा माणूस आलेला बघून सरपंच दादासो मानेंनाही नवल वाटलं. सड्यावरच्या रस्त्याचा विषय निघाला तेव्हा कृष्णात उभा राहिला. त्याला बोलायची सवय नव्हती, आवाज चढत नव्हता. साताऱ्यात लावलेला फोटो आपला नाही, आपल्या फोटोत धनगरवाडा आहे, आपलं नाव त्यावरून काढून टाकावं, एवढं तो बोलला. आणि बरोबर आणलेला फोटो दोन पोरांना धरायला लावून सगळ्यांसमोर उलगडला. माणसं पुढं सरकून बघायला लागली. कुणी आपलं शेत शोधू लागलं.

उदयसिंह समोरच खुर्चीवर बसला होता. तो हसला. म्हणाला की कृष्णात माझा लंगोटीयार, त्याच्या बोलण्याचा मी राग धरत नाही, पण गावाला खरं काय ते कळलं पाहिजे. "फोटूतनं घरं काडली ती त्याच्याच पोरीनं, सांगलीच्या तिच्या दुकानात. घरातलं भांडान हाय हे. सभेत कशाला?"

 कृष्णातनं घरून निघताना मनाशी एकच ठरवलं होतं, मयूरीचं नाव यात येऊ द्यायचं नाही. उदयसिंहाला ते न सांगताही ठाऊक असणार. कृष्णात लेकीसाठी गप्प बसेल, या हिशोबानंच तो बोलला होता. कराडच्या दवाखान्यातलं ते बाकडं कृष्णातच्या डोळ्यापुढं आलं. हा तोच माणूस होता, आणि तेव्हाचं त्याचं बसणंही खोटं नव्हतं, हेच त्याला सगळ्यात जड गेलं.

"व्हय," तो म्हणाला, "माज्याच पोरीनं काडली. उदयसिंहानं सांगितलं, म्हणून काडली. दोघांनी बी मला इचारलं न्हाई. माजं नाव काडा त्येवरनं."

आणि तो खाली बसला. मागं भिंतीशी उभ्या असलेल्या बायकांतली एक म्हातारी काहीतरी पुटपुटली, तेवढंच. ठराव झाला नाही, वादही झाला नाही. दादासोंनी विषय पुढच्या सभेवर ढकलला.

पुढं जे झालं त्यात कृष्णातच्या बोलण्याचा वाटा किती, हे कुणालाच सांगता येणार नाही. पुण्यामुंबईचे पाहुणे जागा बघायला स्वतः सड्यावर गेले. तिथं वाडा होता, म्हशी होत्या, शेणाचे ढीग होते आणि धुळासकट सगळी माणसं दारात उभी होती. पाहुण्यांनी उदयसिंहाला विचारलं, तो काहीतरी बोलला. त्यांनी पुन्हा फोन उचलला नाही. पाचगणीच्या अलीकडं कुठंतरी त्यांनी दुसरी जागा घेतली, असं नंतर कळलं. म्हणजे ज्या खोट्यासाठी एवढं सगळं झालं ते एका चकरेतच उघडं पडलं. पाहुणे वर गेले की घरं दिसणारच होती. हे उदयसिंहासारख्या हुशार माणसाला आधी कसं सुचलं नाही, याचं कृष्णातला अजून कोडं आहे.

ग्रामसभेतली गोष्ट सांगलीपर्यंत गेली. मयूरीच्या सासरी त्यावरून बोलणं झालं. उदयसिंहानं दिलेलं काम तर गेलंच होतं. दिवाळीला ती आली नाही. शालननं फोन केला तर कामाचं कारण सांगितलं. शालन त्या रात्री नवऱ्याशी बोलली नाही. पोरीचं नाव भर सभेत घेतलं ते तुम्हीच, असं तिचं म्हणणं होतं, आणि तेही खोटं नव्हतं.

तुळशीचं लग्न झाल्यावर एका सकाळी मयूरी एकटीच एसटीनं आली. आईनं पुढं केलेलं पाणी ती उभ्या उभ्याच प्याली आणि बापाला म्हणाली, "मला सड्यावर जायचंय. तुम्ही आलात तर बरं, नाहीतर मी जाते." कृष्णातनं पायात चपला सरकवल्या.

बोरजाईवाडीपर्यंत रिक्षानं गेले, पुढं चढण.  एका अवघड टप्प्यावर मयूरीनं सवयीनं बापाच्या हाताला धरायला हात पुढं केला आणि मागं घेतला. त्यानंही तो बघितल्याचं दाखवलं नाही.

धुळा म्हशींमागं लांब गेला होता. अंबूबाई अंगणात नाचणी वाळवत होती. कृष्णात कुंपणाशीच थांबला. मयूरी पुढं गेली, अंबूबाईसमोर उकिडवी बसली आणि म्हणाली की घरं काढणारी मी आहे, अण्णांना काही माहीत नव्हतं, त्यांना दोष देऊ नका. 

अंबूबाई नाचणीवरून हात फिरवत राहिली.  मग तिच्याकडं नीट बघून म्हणाली, "फोटूत आमी असू न्हाईतर नसू, आमी हितंच हाय. त्येचं न्हाई काय. पर बापाच्या नावाखाली करताना बापाला इचारायचं हुतंस, बाई." मयूरीनं मान हलवली. ती रडत होती, पण अंबूबाईनं तिला जवळ घेतलं नाही की पाठीवर हात ठेवला नाही. थोड्या वेळानं अंबूबाई उठली, आत गेली आणि दोघांना पाणी आणून दिलं. दूध दिलं नाही. धुळा येईस्तोवर थांबा, असंही म्हटलं नाही.

उतरताना ऊन कलत होतं. खाली बोरजाईवाडीची घरं आणि त्यापलीकडं महामार्गावरच्या गाड्या दिसायला लागल्यावर मयूरी थांबली आणि म्हणाली, "अण्णा, तुम्ही मला काहीच बोलला नाहीत. रागावला असता तर बरं झालं असतं." कृष्णातला पेठनाक्याजवळ सुचलेलं ते वाक्य आठवलं. पण आता ते बोलून उपयोग नव्हता. अंबूबाई त्याहून बरं बोलली होती.

"पोरी, राग येऊन गेला असता तर मीच सुटलो असतो," तो म्हणाला. "मला तुज्यावर भरवसा हुता, आणि आता त्यो धुंडाळाय लागतोय. सापडंना झालाय. लबाड बोलून काय करू?"

कळलं, एवढंच ती म्हणाली. आईनं डब्यात बांधून दिलेली भाकरी आणि पिठलं घेऊन ती संध्याकाळच्या गाडीनं सांगलीला गेली. पोचल्यावर तिनं फोन केला. कृष्णातनं घेतला, बरं म्हणाला, आईकडं दिला.

आता ती दर आठवड्याला फोन करते. तब्येतीचं बोलणं होतं, पावसाचं होतं, तिच्या सासूच्या गुडघ्याचं होतं. कामाचं होत नाही. हायस्कूलचा लांब फोटो कृष्णातनं पुन्हा सुरू केला आहे. तो मलकापूरच्या लॅबमध्ये छापून घेतो, आणि तयार झाल्यावर स्वतः जाऊन तिथल्या तिथं टोकापासून टोकापर्यंत बघतो. लॅबवाल्याला वाटतं, म्हाताऱ्याला संशयाची खोड लागली. उदयसिंहाची गाडी उंब्रजवरून जाते, पण स्टुडिओपाशी थांबत नाही. गावातल्या एका मातीला दोघं समोरासमोर आले होते. उदयसिंहानं मान तुकवली. कृष्णातनंही तुकवली, आणि तो दुसऱ्या बाजूच्या माणसांत जाऊन उभा राहिला.